पाठीत कुऱ्हाड, तीन वेळा

गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही आणि ती लागावी अशी कोणाची अपेक्षाही नसते. २०२४ साली ही रात्र ३० ऑक्टोबरला आली. डिचोलीत आमच्या वाड्यावरच्या मुलांनी पंधरा-वीस दिवस खपून तयार केलेला नरकासुर नाक्यावर उभा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना रचलेल्या ध्वनिवर्धकांमुळे आमच्या खिडकीच्या काचा आणि फडताळातले पेले एकाच ठेक्यात थरथरत होते. अकरा वर्षांच्या भाच्याला माझ्या स्वाधीन करताना बहिणीने अट घातली होती की, पहाटे दहन होईपर्यंत त्याला जागे ठेवावे, पण नाक्यावर जाऊ देऊ नये. मी लॅपटॉप उघडला, हेडफोनचे एक टोक त्याच्या कानात आणि दुसरे माझ्या कानात अडकवले, आणि ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी अ‍ॅनिमेशन मालिकेतला ‘ट्रीहाउस ऑफ हॉरर’चा पाचवा भाग लावला.

हा भाग मी यापूर्वी किती वेळा पाहिला आहे याची मोजदाद ठेवलेली नाही. तो पहिल्यांदा फॉक्स वाहिनीवर दाखवला गेला ३० ऑक्टोबर १९९४ रोजी, म्हणजे आम्ही पाहत होतो त्या रात्री त्याला बरोबर तीस वर्षे पूर्ण होत होती. हे मला भाग संपल्यानंतर कळले. तिथी साधून मी काही केले नव्हते.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. होमर सिम्पसन हा अणुवीज प्रकल्पात काम करणारा आळशी, खादाड आणि मनाने फारसा वाईट नसलेला गृहस्थ, त्याची सोशिक पत्नी मार्ज आणि बार्ट, लिसा, मॅगी ही तीन मुले एवढे हे कुटुंब. १९८९च्या डिसेंबरपासून ही मालिका चालू आहे आणि इतक्या वर्षांत मॅगीच्या तोंडातली चोखणी सुटलेली नाही. २५ ऑक्टोबर १९९० रोजी, मालिकेच्या दुसऱ्या हंगामात, हॅलोविनच्या निमित्ताने एक वेगळा भाग दाखवण्यात आला. त्यात मुले झाडावरच्या लाकडी घरात बसून एकमेकांना भयकथा सांगतात आणि होमर चोरून ऐकता ऐकता स्वतःच घाबरतो. त्या झाडावरच्या घरावरून या वार्षिक प्रथेला नाव मिळाले. एका भागात तीन स्वतंत्र गोष्टी, आणि त्यांत काहीही घडले तरी मालिकेच्या नेहमीच्या जगावर त्याचा ओरखडाही उठणार नाही, हा तिचा नियम. माणसे मरतात, जग बुडते, आणि पुढच्या आठवड्यात होमर त्याच कोचावर बसून तीच बिअर पीत असतो.

गोवेकराला हा नियम समजावून सांगण्याची गरज पडू नये. आमचा नरकासुर दरवर्षी पहाटे जळतो आणि दरवर्षी गणपती गेले की पुन्हा कोणाच्या तरी अंगणात बांबूच्या कामट्यांचा सांगाडा होऊन उभा राहतो. त्याला मारणारा श्रीकृष्ण बहुधा शेवटच्या दिवशी आठवतो. पुष्कळदा एखाद्या शाळकरी मुलाला मुकुट घालून त्या भूमिकेत उभे केले जाते. सगळी कल्पकता, सगळी वर्गणी आणि सगळे प्रेम त्या असुराच्या सुळ्यांवर, बाहेर आलेल्या जिभेवर आणि फिरत्या डोळ्यांवर खर्ची पडते. उद्या जाळायचेच आहे, हे माहीत असल्यामुळेच आज वाटेल तेवढा भयंकर करण्याची मोकळीक मिळते. माझ्या मते ‘ट्रीहाउस ऑफ हॉरर’चे सामर्थ्यही नेमके तिथे आहे. ज्या मरणाचा हिशेब दुसऱ्या दिवशी द्यायचा नसतो, ते मरण लेखकाला हवे तितके विचित्र आणि विनोदी करता येते; मात्र मरणारा माणूस तोच ओळखीचा राहिला पाहिजे. पाचव्या भागात हे जितके साधले आहे तितके मी पाहिलेल्या इतर कोणत्याही वर्षी साधलेले नाही. ते तिन्ही गोष्टींत सारखे साधले आहे असे मात्र मी म्हणणार नाही.

सुरुवात मार्जच्या निवेदनाने होते. ती पडद्यासमोर येऊन प्रेक्षकांना सांगते की आजचा भाग इतका भीतिदायक आहे की अमेरिकी काँग्रेस तो दाखवूच देणार नाही, त्याऐवजी एक जुना चित्रपट पाहावा. ही निव्वळ थट्टा नव्हती. त्या काळात मालिकेतल्या हिंसेबद्दल काँग्रेसच्या सदस्यांकडून तक्रारी येत होत्या, आणि तेव्हा मालिकेची सूत्रे सांभाळणारे डेव्हिड मर्किन यांनी त्याला उत्तर म्हणून या भागात शक्य तितके रक्त आणि आतडी घालायचे ठरवले. आधीच्या चार वर्षांत तिन्ही गोष्टींना बांधणारी एखादी चौकट असे; कधी झाडावरचे घर, कधी हॅलोविनची मेजवानी. या वर्षी ती चौकट टाकून दिली आणि त्या सुटलेल्या मिनिटांत गोष्टींना श्वास घ्यायला जागा मिळाली. बावीसेक मिनिटांच्या भागात तीन कथा बसवायच्या म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला सहा-सात मिनिटे येतात. तेवढ्यात जग उभे करायचे, ते बिघडवायचे आणि संपवायचे. दिग्दर्शक जिम रियर्डन यांनी हे काम कुठेही धावपळ न जाणवू देता केले आहे.

पहिली गोष्ट आहे ‘द शिनिंग’. स्टीफन किंग यांच्या १९७७च्या कादंबरीवरून स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९८०मध्ये केलेल्या ‘द शायनिंग’ चित्रपटाचे हे विडंबन आहे, आणि नावातला एका अक्षराचा बदल हाच पहिला विनोद आहे. बार्टला दुसऱ्याच्या मनातले ऐकू येते, तेव्हा बागेचा रखवालदार विली त्याला सांगतो की तुझ्याकडे ‘शिनिंग’ आहे. बार्ट नाव दुरुस्त करू लागताच विली त्याला गप्प करतो, कारण खरे नाव उच्चारले तर खटला भरला जाईल. मूळ चित्रपटात बर्फाने वेढलेल्या निर्जन हॉटेलाची हिवाळाभर देखभाल करायला आलेला लेखक हळूहळू वेडा होतो. इथे धनाढ्य मिस्टर बर्न्स आपल्या डोंगरावरच्या वाड्याच्या देखभालीसाठी होमरच्या कुटुंबाला ठेवतात, आणि निघताना घरातली केबलची तार कापून बिअरचा साठा उचलून नेतात, म्हणजे माणसे मन लावून काम करतील. त्यांचा मदतनीस शंका काढतो की आधीच्या रखवालदारांनी वेड लागून कुटुंबाची कत्तल केली, ती यामुळेच तर नसेल? बर्न्स विचार करतात आणि पैज लावतात: परत आल्यावर सगळे मेलेले आढळले तर तुला एक कोक लागू.

या एका पैजेत ही गोष्ट किती चांगली लिहिली आहे ते दिसते. कुब्रिकच्या चित्रपटात वेडाचे कारण शेवटपर्यंत धूसर राहते. ते हॉटेलात आहे, दारूत आहे की त्या माणसाच्या स्वभावातच आहे, यावर आजही वाद घालता येतो. इथे लेखक बॉब कुशेल यांनी ते कारण मालकाच्या काटकसरीत आणून ठेवले आहे. होमरचे वेड टीव्ही आणि बिअर यांच्या अभावातून येते आणि तो स्वतःच ते भिंतींवर शेकडो वेळा लिहून काढतो. मूळ चित्रपटात नायकाच्या टंकलेखन यंत्रातून एकच म्हण पानोपानी उमटलेली असते, नुसते काम आणि खेळ नाही म्हणून जॅक मठ्ठ झाला अशा अर्थाची. इथे मार्जला यंत्रावर आधी सापडतो तो कागद सगळे छान चालले आहे असे सांगणारा असतो. तिला हायसे वाटते, तेवढ्यात वीज चमकते आणि चारही भिंती दिसतात. पुढे होमर ते वाक्य तिच्यासमोर म्हणू लागतो, शेवटचा शब्द त्याला आठवत नाही, मार्ज घाबरत घाबरत ‘वेडा?’ असे सुचवते, आणि तो आग्रह केल्यासारखा आनंदाने वेडा होतो.

लिफ्टचा प्रसंग मूळ चित्रपटात अंगावर येणारा आहे. दारे उघडतात आणि रक्ताचा लोंढा बाहेर पडतो. बर्न्स पाहुण्यांना घर दाखवत असताना इथेही तेच होते, आणि ते किंचित नवल करतात की रक्त एरवी दुसऱ्या मजल्यावर उतरते. माझा भाचा इथे पहिल्यांदा मोठ्याने हसला. त्याने मूळ चित्रपट पाहिलेला नाही आणि आणखी काही वर्षे पाहणारही नाही. म्हणजे विडंबन मूळ कृतीच्या आधाराशिवायही उभे राहते, आणि चांगल्या विडंबनाची याहून वेगळी परीक्षा मला माहीत नाही.

होमरला मार्ज कोठीच्या खोलीत कोंडते, तो प्रसंग मला सर्वांत आवडतो. भुते त्याला कुटुंबाची हत्या करण्याची आठवण द्यायला येतात, पण तो डबे उघडून खात बसलेला असतो आणि आत्ता खून जमणार नाही, जेवण चालू आहे, असे सांगतो. शेवटी भुतांनाच त्याला ओढून बाहेर काढावे लागते. पेडण्याकडच्या दशावतारात संकासुर रंगमंचावर येतो तेव्हा त्याचा काळा वेष आणि एकंदर अवतार पाहून लहान मुले आईच्या कुशीत तोंड खुपसतात, आणि दोन मिनिटांत त्याच्या बोलण्यावर सगळा मांडव खदखदू लागतो. भीती आणि हसू एकाच तोंडावर बसवण्याची ही युक्ती आमच्या लोकांना नवी नाही. होमरच्या हातात कुऱ्हाड आली तरी त्याचे पोट त्याच्याबरोबरच राहते, आणि म्हणून ती कुऱ्हाड पाहून धसका बसतो तसे हसूही येते.

गोष्ट थांबते तिथे एक सुरेख वळण आहे. बर्फात विलीचा छोटा टीव्ही सापडतो, त्याच्या उजेडात होमरचा खुनशीपणा ओसरतो आणि सगळे कुटुंब तिथेच टीव्हीसमोर गोठून बसते. मग पडद्यावर टोनी या अमेरिकी नाट्यपुरस्कारांचा सोहळा सुरू होतो. वाहिनी बदलावी तर हात गोठलेले. होमरच्या डोक्यात खुनाची इच्छा पुन्हा चढू लागते.

दुसरी गोष्ट ‘टाइम अँड पनिशमेंट’ ही माझ्या मते या भागाचा कळस आहे, आणि ग्रेग डॅनियल्स व डॅन मॅकग्रा या लेखकांनी तिच्यात जे केले आहे त्यावर मी थोडा रेंगाळणार आहे. होमर बिघडलेला टोस्टर दुरुस्त करतो आणि तो टोस्टर कालयंत्र बनतो. खटका दाबताच होमर डायनोसॉरच्या काळात जाऊन पडतो. तिथे त्याला लग्नाच्या दिवशी वडिलांनी दिलेला उपदेश आठवतो: कधी भूतकाळात गेलास तर कशावरही पाय देऊ नकोस, कारण लहानशा बदलानेही भविष्य कल्पनेपलीकडे पालटते. लग्नाच्या मांडवात वडिलांनी मुलाला हाच एक कानमंत्र द्यावा, यातली मौज मराठी प्रेक्षकाला वेगळी समजावी लागणार नाही.

रे ब्रॅडबरी यांची ‘अ साउंड ऑफ थंडर’ ही १९५२ची विज्ञानकथा या गोष्टीच्या मुळाशी आहे. तिच्यात शिकारीसाठी भूतकाळात गेलेल्या माणसाच्या बुटाखाली एक फुलपाखरू चिरडले जाते आणि तो परततो तेव्हा त्याचा देश बदललेला असतो. ब्रॅडबरींच्या कथेत चूक एकदाच होते आणि ती सुधारता येत नाही, म्हणून ती शोकान्त ठरते. इथे होमर एक डास मारतो, परततो, जग बिघडलेले पाहतो, आणि पुन्हा टोस्टरचा खटका दाबतो. चूक सुधारायला गेलेला माणूस प्रत्येक खेपेस नवी चूक करून येतो. एकदा तो नुकत्याच पाण्याबाहेर आलेल्या माशावर बसतो, एकदा त्याच्या शिंकेने डायनोसॉर एकामागून एक कोलमडतात. शोकान्त कथेचे यंत्र तेच ठेवून फक्त त्याला पुन्हा पुन्हा फिरवले की विनोद तयार होतो, हे इतक्या नेटकेपणाने मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

पहिल्या परतीत त्याचा शेजारी नेड फ्लँडर्स जगाचा निर्विवाद स्वामी झालेला असतो. हा नेड नेहमीच्या मालिकेत देवभीरू, मदतीला तत्पर आणि असह्य गोड बोलणारा माणूस आहे. त्याच्या हाती सत्ता गेली की हसणे सक्तीचे होते, आणि जे हसत नाहीत त्यांचे ओठ आकड्यांनी ताणून हसवले जातात. मालिकेतला सर्वांत निरुपद्रवी माणूस हुकूमशहा म्हणून निवडण्यात लेखकांची नजर दिसते. बर्न्सला हुकूमशहा केले असते तर कोणी दचकले नसते.

त्यानंतर येतो तो प्रसंग, ज्यासाठी मी हा भाग पुन्हा पुन्हा लावतो. होमर परततो तेव्हा घर प्रशस्त आहे, मुले नम्रपणे बोलतात, दारात महागडी मोटार आहे, आणि ज्या दोन मेहुण्यांनी आयुष्यभर त्याचा पाणउतारा केला त्या दोघी मरण पावल्या आहेत. त्याच्या चेहऱ्यावर एवढे समाधान आपण क्वचितच पाहिलेले असते. तो सहज डोनट मागतो. मार्ज विचारते, डोनट म्हणजे काय? होमर किंचाळतो आणि धावत जाऊन टोस्टरचा खटका दाबतो. तो गेल्यावर क्षणभराने खिडकीबाहेर आकाशातून डोनट पडू लागतात आणि मार्ज नेहमीच्याच सुरात म्हणते की पुन्हा पाऊस लागला.

या प्रसंगाला लागते ते अर्धे मिनिटही नाही, आणि त्यात होमरचा सगळा स्वभाव आला आहे. त्याला सुख हवे आहे, पण ते त्याच्या ओळखीच्या नावाने आले पाहिजे. डोनट त्या जगातही आहेत. तिथे त्यांना पाऊस म्हणतात एवढेच. तो एक शब्द त्याच्या आणि स्वर्गाच्या मध्ये येतो, आणि विचारायला, थांबायला, खिडकीबाहेर पाहायला त्याच्याकडे तेवढा धीर नसतो. लेखकांनी इथे कोणतेही भाष्य केलेले नाही. पावसाचा आवाज येतो आणि गोष्ट पुढे सरकते. शेवटी तो ज्या जगात थांबतो तिथे सगळे ठीक दिसते, फक्त जेवताना घरच्यांच्या जिभा सरड्यासारख्या लांब होऊन ताटातले उचलतात. होमर क्षणभर पाहतो, खांदे उडवतो, एवढा फरक चालेल असे ठरवतो आणि जेवू लागतो. माणसाने कशावर अडून बसावे आणि कशाशी जुळवून घ्यावे याचा इतका चुकीचा आणि इतका खरा अंदाज दुसऱ्या कोणत्या नायकाने बांधल्याचे मला आठवत नाही.

याच गोष्टीत बाळ मॅगी एकदाच तोंड उघडते आणि हे विश्व खरोखरच अस्वस्थ करणारे आहे असे म्हणते. आवाज आहे जेम्स अर्ल जोन्स यांचा. ‘स्टार वॉर्स’मधील डार्थ व्हेडरचा तो खर्ज चोखणी काढलेल्या तान्ह्या मुलीच्या तोंडून निघतो. १९९०च्या पहिल्या हॅलोविन भागातही त्यांचा आवाज होता. ९ सप्टेंबर २०२४ रोजी ते वारले, त्यामुळे त्या रात्री ते एक वाक्य ऐकताना मी एरवीइतका हसलो नाही. भाच्याने मात्र ते तीनदा मागे नेऊन ऐकले.

आता विलीविषयी, कारण या भागाचा खरा धागा तोच आहे. चौकट काढून टाकली तरी तिन्ही गोष्टींत एक घटना जशीच्या तशी घडते: विली मदतीला धावून येतो, आपण वाचवतो असे सांगतो, आणि त्याच्या पाठीत कुऱ्हाड बसते. पहिल्या खेपेस ती होमर मारतो, दुसऱ्या खेपेस मॅगी, तिसऱ्या खेपेस मुख्याध्यापक स्किनर. शेवटच्या खेपेस पडता पडता तो एवढेच म्हणतो की हे काम मला काही जमत नाही. पहिल्या वेळी हा मूळ चित्रपटातल्या एका मृत्यूचा संदर्भ वाटतो, कारण तिथेही दूरवरून बर्फ तुडवत मदतीला आलेल्या माणसाचा असाच बळी जातो. दुसऱ्या वेळी योगायोग वाटतो. तिसऱ्या वेळी तो दारात दिसताच आपण कुऱ्हाडीची वाट पाहू लागतो, आणि ती बसली की सुटल्यासारखे वाटते. माझ्या कानातले टोक हिसडले जाईल इतक्या जोरात भाचा वळला आणि म्हणाला, “मामा, हो परत मेलो!” म्हणजे हा परत मेला.

आमच्याकडे प्रत्येक गावाला राखणदार असतो. तो शेताच्या बांधावर, मोठ्या झाडाखाली, गावाच्या वेशीवर वसतो, रात्री हातात काठी घेऊन हद्दीवरून फिरतो अशी श्रद्धा आहे, आणि त्याला वर्षातून एकदा रोट, दारू आणि विडी द्यावी लागते. माझी आजी त्याचे नाव रात्री घेत नसे. विली हाही अक्षरशः राखणदारच आहे, नेहमीच्या मालिकेत शाळेच्या मैदानाचा. तोही एका खोपटात राहतो आणि त्याचेही पिणे सर्वांना ठाऊक असते. फरक इतकाच की त्याच्यावर कोणाची श्रद्धा नाही आणि त्याच्याकडून कोणाचे रक्षण होत नाही. कदाचित आमच्या राखणदारांच्या गोष्टी ऐकत वाढल्यामुळे असेल, पण विली पडतो तेव्हा मला हसण्याबरोबर किंचित चुकल्यासारखेही वाटते. एक गोष्ट मला याच खेपेस ध्यानात आली: होमर आणि विली या दोघांनाही आवाज दिला आहे तो डॅन कॅस्टेलनेटा यांनीच. म्हणजे पहिल्या गोष्टीत मारणारा आणि मरणारा एकाच गळ्यातून बोलत असतात.

तिसऱ्या गोष्टीला, ‘नाइटमेअर कॅफेटेरिया’ला, मी फार वेळ देणार नाही, कारण ती स्वतःच स्वतःला फार वेळ देत नाही. शाळेत शिक्षा म्हणून थांबवलेल्या मुलांची गर्दी झाली आहे आणि स्वयंपाकघरात मांस तुटीचे आहे; मुख्याध्यापक स्किनर या दोन अडचणींचा एकच उपाय काढतात. मग मुले वर्गातून कमी होत जातात आणि शिक्षकांची पोटे सुटत जातात. डेव्हिड कोहेन यांनी या मालिकेसाठी केलेले हे सुरुवातीचे लेखन; पुढे ते ‘फ्युचरामा’चे प्रमुख लेखक झाले. कल्पना धीट आहे, पण ती पहिल्या मिनिटातच पूर्ण कळते आणि उरलेला वेळ तीच कल्पना नव्या शब्दकोट्यांत फिरत राहते. खाद्यपदार्थांच्या नावांत मुलांची नावे मिसळण्याचा विनोद एकदा छान वाटतो, दुसऱ्यांदा ठीक वाटतो.

तरी तिच्यात एक प्रसंग आहे ज्याने तिचे असणे सार्थ होते. बार्ट आणि लिसा घाबरून घरी येतात आणि शिक्षक मुलांना खात आहेत असे आईला सांगतात. मार्ज शांतपणे उत्तर देते की आता तुम्ही दहा आणि आठ वर्षांचे झालात, तुमची प्रत्येक लढाई मी लढू शकत नाही. परत शाळेत जा, त्यांच्या डोळ्याला डोळा द्या आणि सांगा की आम्हाला खाऊ नका. मी हसलो. भाचा हसला नाही. थोड्या वेळाने, पडद्यावरची नजर न काढता, त्याने सांगितले की शाळेच्या बसमध्ये एक मोठा मुलगा त्याचा डबा काढून घेत असे तेव्हा आईने त्यालाही असेच सांगितले होते. “मग सांगितलेस का?” मी विचारले. “सांगितले,” तो म्हणाला, “पण त्याने डबा घेतलाच.” यावर मला काही सुचले नाही. अतिशयोक्ती किती आणि वास्तव किती याचा माझा अंदाज त्याने एका वाक्यात दुरुस्त केला होता.

शेवटाबद्दल माझी तक्रार आहे. मुले प्रचंड मिक्सरच्या पात्यांवर पडतात आणि बार्ट दचकून जागा होतो. सगळे स्वप्न होते. ज्या प्रकारात उद्याचा हिशेबच द्यायचा नाही, तिथे स्वप्नाची सबब कशाला? आधीच्या दोन गोष्टींनी जे धैर्य दाखवले ते इथे ऐनवेळी गळाल्यासारखे वाटते. लेखकांनाही ते जाणवले असावे, कारण मार्ज लगेच बार्टला समजावते की घाबरण्यासारखे काही नाही, फक्त ते धुके तेवढे सांभाळ, जे माणसाला आतून बाहेर उलटे करते. ते धुके खिडकीच्या फटीतून आत येते, सगळ्या कुटुंबाची कातडी आत आणि आतडी बाहेर होतात, आणि त्या अवस्थेत ते ‘अ कोरस लाइन’ या ब्रॉडवे संगीतिकेतल्या गाण्याच्या चालीवर रांगेत नाचू लागतात. घरचा कुत्रा बार्टच्या बाहेर लोंबणाऱ्या आतड्यांना धरून त्याला ओढत नेतो. रक्त आणि आतडी दाखवायचा मर्किन यांचा हट्ट इथे पुरता फिटतो, आणि नाच इतका सफाईदार आहे की किळस यायला थोडा उशीर होतो.

आवाजांबद्दल एक शेवटची नोंद. हा भाग मी एरवी लॅपटॉपच्या साध्या आवाजावर पाहत आलो. त्या रात्री हेडफोन घातल्यामुळे, आणि हेडफोनबाहेर नाक्यावरचा दणदणाट असल्यामुळे, मला त्यातल्या शांत जागा पहिल्यांदा ऐकू आल्या. वाड्यातल्या बोळातून येणारी वाऱ्याची शीळ, कोठीत होमरच्या चमच्याचा डब्यावर होणारा टणत्कार, डोनटच्या पावसाआधीचा तो अर्धा क्षण. विनोदी मालिकेत इतकी शांतता ठेवायला हिंमत लागते.

पहाटे दहन झाले. आमच्या वाड्यावरच्या नरकासुराला बक्षीस मिळाले नाही, आणि जळताना त्याचे डोके अपेक्षेपेक्षा आधी गळून रस्त्यावर घरंगळल्यामुळे मुलांची थोडी पळापळ झाली. अभ्यंगस्नान झाले, तुळशीपाशी कारीट फुटले, त्याचा कडू रस भाच्याने तोंड वेंगाडत जिभेला लावला, आणि बहिणीने ताकातले, रसातले आणि गुळाचे पोहे मांडले. पोह्यांची वाटी मांडीवर घेऊन त्याने लॅपटॉप पुन्हा उघडला आणि थेट डोनटच्या पावसापाशी गेला. होमर किंचाळून पळाला, खिडकीबाहेर पाऊस सुरू झाला, मार्ज जेवणाच्या टेबलाशी बसून राहिली. भाच्याने चित्र तिथेच थांबवले.

“मामा,” त्याने विचारले, “एवढी चांगली माणसे आहेत ना ती, मग त्याला हाक का मारत नाहीत?”